आधीचं गाढव

आमच्या भाऊजींकडे रंगायला आलेली गाडी आधी शिव्या खाते, मग रंग खाते. शिव्या तशा गाडीला नसतात आणि गाडीच्या मालकालाही नसतात. त्या असतात 'आधीच्या'ला. आधीचा म्हणजे भाऊजींच्या आधी ज्यानं कुणी ती गाडी रंगवली तो. तो कोण, कुठला, जिवंत आहे की गेला, कशाचा पत्ता नसतो. पण गाडी शेडमध्ये शिरून नीट थांबायच्या आत भाऊजी बोनेटवरून एक बोट फिरवतात, ते बोट उजेडात धरून बघतात आणि सुरू होतात, "कोणत्या गाढवानं हात मारलाय हो ह्याच्यावर?"

हे भाषण मी एकोणीस वर्षं ऐकते आहे. शेडच्या कोपऱ्यात माझं शिलाई मशीन आहे, मी गाड्यांची सीट कव्हरं शिवते, त्यामुळे उठून जायची सोय नाही. भाषण मला पाठ आहे. पहिला भाग पत्र्याचा, दुसरा पुट्टीचा, तिसरा आधीच्याच्या आईबापांनी केलेल्या संस्कारांचा. गिऱ्हाईक मोठं असेल तर चौथा भागही होतो. त्यात आधीच्याला रंगाऐवजी दुसरे कुठले धंदे जमले असते ते येतं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. वय छप्पन्न, गुडघे सत्तरचे, तळहात मात्र बाळाचे. ह्या रस्त्यावर सगळे त्यांना 'आरसा' म्हणतात, कारण त्यांनी रंगवलेल्या दारात बघून दाढी करता येते. एका गिऱ्हाइकानं खरंच करून दाखवली होती. साबणाचे थेंब पडले म्हणून भाऊजी त्याच्याशी दोन महिने बोलले नाहीत. ताई म्हणते, "ह्यांना माणसाच्या तोंडापेक्षा दाराचं तोंड प्यारं." ताई स्वतः शेडमध्ये पाऊल टाकत नाही. थिनरच्या वासानं तिचं डोकं उठतं. डबा माझ्या हातून येतो आणि घरच्या तक्रारीही माझ्याच हातून येतात.

काम मात्र चोख, हे मला कितीही राग आला तरी कबूल करावंच लागतं. बाकीचे रंगारी हँडलभोवती टेप चिकटवतात आणि फवाऱ्याची गन चालवतात. भाऊजी हँडलं काढतात, दिवे काढतात, दारांची रबरं काढतात, दारंही काढतात, आणि तो सगळा संसार माझ्या मशीनच्या पायाशी आणून टाकतात. जुना रंग खरवडायचा, पत्रा सरळ करायचा, पुट्टी भरायची, घासायची, मग त्यावर काळा हलकासा फवारा मारून परत घासायचं. जिथे काळं उरलं तिथे खड्डा आहे. परत पुट्टी, परत घासणं. शेवटी एक पातळ फडकं तळव्याखाली घेऊन, डोळे मिटून, सगळ्या गाडीवरून हात फिरवायचा. डोळ्यांना खड्डा चुकतो, तळव्याला चुकत नाही असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाइकानं घाई केली की त्यांचं उत्तर ठरलेलं, "लवकर हवंय? मग चुना लावून घ्या, तो लगेच वाळतो."

अशा माणसाकडे एका सोमवारी सकाळी सिस्टर आल्या.

सिस्टर म्हणजे नर्स. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या रोग्यांची ड्रेसिंगं आणि इंजेक्शनं करणाऱ्या. आजवर हे सगळं बसनं चालायचं. "दोन बस बदलून पोचेपर्यंत रोगी एक तर बरा झालेला असतो, नाही तर आटोपलेला," असं त्यांनी अगदी कोऱ्या चेहऱ्यानं सांगितलं. म्हणून त्यांनी जुनी गाडी घेतली होती. गाडी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणजे तीस वर्षांची. विकणाऱ्यानं लाल म्हणून विकली, पण छप्पर गुलाबी, बोनेट विटकरी आणि एकच दार काय ते लाल. तीन बहिणी, तीन बापांच्या.

भाऊजींनी बोट फिरवलं आणि सुरुवात केली. पत्रा झाला, पुट्टी झाली, संस्कार झाले. सिस्टर हाताची घडी घालून सगळं ऐकत होत्या. रोग्यांची बडबड ऐकायची सवय असणार. भाषण संपल्यावर म्हणाल्या, "मला चकाचक नको. आधी खालचं मजबूत आहे का बघा. ते असेल तर वरचं बघू."

झालं! भाऊजी ह्या एका वाक्यावर विकले गेले. एवढ्या वर्षांत रंगाच्या आधी पत्र्याबद्दल विचारणारं गिऱ्हाईक त्यांना भेटलं नव्हतं. छाती फुगवून म्हणाले, "सिस्टर, खालीसुद्धा त्या गाढवानं काय दिवे लावलेत ते मी बघतो. आणि तो मला सापडला ना, तर इथे, तुमच्यासमोर, कान धरून उभा करीन. शब्द आहे माझा."

सिस्टरनी पिशवीतून डायरी काढली. त्यांना प्रत्येक गोष्ट वेळ घालून लिहायची सवय. काय लिहिलं ते मला माझ्या कोपऱ्यातून दिसत नव्हतं, पण 'कान' हा शब्द त्यांनी लिहिताना पुटपुटलेला ऐकू आला.

"शनिवारी अकरा वाजता येते," त्या म्हणाल्या. "तोवर पत्रा उघडाच ठेवा. मला आतून बघायचंय."

मंगळवारी खरवडणं सुरू झालं. लालच्या खाली निळा निघाला, निळ्याच्या खाली पांढरा. बुधवारी दुपारी भाऊजी दाराखालच्या पट्टीशी पोचले. ज्यावर पाय ठेवून आपण गाडीत बसतो ती पट्टी. तिथे त्यांनी लोहचुंबक लावलं. चुंबक टपकन खाली पडलं. परत लावलं, परत पडलं. खाली पत्राच नव्हता, नुसती पुट्टी होती.

अशी चूक सापडली की भाऊजींना ती एकट्यानं बघवत नाही, प्रेक्षक लागतात. त्यांनी शेजारच्या बॅटरीवाल्याला हाक मारली आणि समोरच्या टायरवाल्याला बोलावलं. दोघंही हातातलं काम टाकून आले, कारण ह्या रस्त्यावर फुकटची करमणूक दुसरी नाही. मग भाऊजींनी भाषण अगदी चारही भागांसकट केलं. "हा माणूस रंगारी नाही, खुनी आहे! वरून कीर्तन, आतून तमाशा! ती पोरगी ह्यावर पाय देईल आणि एक दिवस खाली रस्त्यावर बसेल. ह्याला शोधून काढला पाहिजे. ह्याच्या घरी जाऊन ह्याच्या बायकोला सांगितलं पाहिजे, बाई गं, तू कोणाबरोबर संसार करतेयस!"

असं म्हणत त्यांनी स्क्रूड्रायव्हर पट्टीत खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. भाऊजींनी पुट्टी फोडली, पक्कड आत घातली आणि ओढली. आतून लाकडासारखं कडक झालेलं एक कापड निघालं. पत्र्याला गंजून भोक पडलेलं, आणि वेल्डिंग करायच्या ऐवजी त्यात कापड कोंबून वर पुट्टी थापलेली. भाऊजींनी कापड फरशीवर आपटलं, त्यावरची पुट्टी तडकली आणि खालचा रंग दिसला.

हिरवा. त्यावर पिवळ्या छत्र्या.

मी मशीनवरून उठले. आधी वाटलं आपल्याला भास होतोय. जवळ जाऊन बघितलं. छत्रीच्या दांड्याला तांबडी गाठ होती.

ह्या छत्र्या मला माझ्या आईच्या चेहऱ्याइतक्या ओळखीच्या आहेत. पंधराव्या वर्षी मी ताईकडे शिकायला राहायला आले, तेव्हा शेडच्या मागच्याच एका खोलीत त्यांचा संसार होता. खोलीला एक खिडकी, खिडकीला दोन पडदे, हिरवे, पिवळ्या छत्र्यांचे. लग्नानंतर ताईनं स्वतः दुकानात उभं राहून पसंत केलेली ती पहिली वस्तू. आणि एका संध्याकाळी ताई कामावरून आली तर खिडकी उघडी बोडकी. दोन्ही पडदे गायब. मी तेव्हा नुकतीच शिवण शिकत होते, घरात कात्री एकच होती आणि ती माझ्या दप्तरात होती. ताईनं विचारलं, "कापलेस ना?" मी काही बोलले नाही. ताईनं मला एक सणसणीत थप्पड दिली, पुढे दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. तेव्हापासून बावीस वर्षं, घरी कोणी पाहुणा आला, चहा झाला, बोलायला विषय उरला नाही, की ताई माझ्याकडे बोट दाखवते, "हिनं माझे पडदे कापले होते हो!" माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडच्यांनासुद्धा हे ऐकवलं होतं. लग्न ठरलं नाही. पडद्यांमुळे नाही, पण पडद्यांचा हातभार लागला असं मी आपलं धरून चालते.

आणि तो पडदा आता सिस्टरच्या गाडीच्या पोटातून बाहेर येऊन माझ्या पायाशी पडला होता.

मी भाऊजींकडे बघितलं. ते त्या कापडाकडे बघत होते. तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. ही गोष्ट ह्या शेडमध्ये कधी घडलेली नाही.

"काय निघालं रे?" बॅटरीवाल्यानं विचारलं.

"काही नाही," भाऊजी म्हणाले. "चिंधी."

टायरवाला म्हणाला, "पुढचं बोल की. बायकोपर्यंत आला होतास."

"ऊन फार आहे," भाऊजी म्हणाले, आणि सावलीत उभे असूनही अजून आत सावलीत गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी त्या दिवशी चालताना बघितला.

ते दोघं गेल्यावर मी शेडचं अर्धं शटर ओढलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले. भाऊजी रंगाच्या डब्यावर बसले होते, कापड मांडीवर.

"तुम्ही," मी म्हणाले.

"मी. तेव्हा निळी होती ही, म्हणून ओळखली नाही."

"बावीस वर्षं मी खाल्ली ती थप्पड तुमची होती."

मला इतका संताप आला होता की मला रडू येईल अशी भीती वाटायला लागली, म्हणून मीच त्यांच्यासाठी सबबी शोधायला लागले. मी म्हणाले, "तेव्हा वेल्डिंग मशीन नव्हतं तुमच्याकडे."

"नव्हतं. पण पलीकडच्या गल्लीत वेल्डर होता."

"त्याला देण्याइतकं नसेल हातात."

"होतं."

"गिऱ्हाईक डोक्यावर बसलं असेल."

"गिऱ्हाईक गावाला गेलं होतं. आठ दिवस येणार नव्हतं." भाऊजींनी कापडाची घडी घातली, परत उलगडली. "मॅच होती."

"काय?"

"फायनल होती. बॅटरीवाल्याच्या दुकानात टीव्ही होता. वेल्डरनंसुद्धा दुकान बंद ठेवलं होतं, म्हणजे काम उद्यावर गेलं असतं. मला ते डोक्यावर नको होतं. शेडमधली फडकी सगळी तेलकट, त्यावर पुट्टी धरत नाही. घरात गेलो, पडदा ओढला, कोंबला, वर पुट्टी मारली आणि टॉसच्या आधी पोचलो."

"मॅच!" मी ओरडले. "आणि जिंकलात तरी का?"

"हरलो," भाऊजी म्हणाले.

मी परत मशीनकडे वळत होते तेव्हा ते मागून म्हणाले, "तुला थप्पड बसली ना, तेव्हा मी दारातच होतो. बघितलं मी."

"मग?"

"मग काही नाही. चपला काढल्या आणि आत आलो."

गाडीतलं कापड एक वेळ समजू शकते, पण ह्या चपला मला लागल्या. अजूनही लागतात.

गुरुवारी भाऊजींनी गंजलेला सगळा भाग कापून काढला. नवा जाड पत्रा आणला, मोजून कापला, वाकवला. वेल्डिंग करायला आता आमच्याकडे माणूस येतो, पण त्याला हात लावू दिला नाही. स्वतः गुडघे टेकून, दर दहा मिनिटांनी कण्हत, एकेक टाका असा घातला की मी शिवणकाम करणारी बाईसुद्धा बघत राहिले. मग दुसऱ्या बाजूची पट्टी, तिला काही झालेलं नसताना, तीही उघडून तपासली. मला कळत होतं हे काय चाललंय. ह्याला आमच्याकडे सारवासारव म्हणतात.

"झालं," शुक्रवारी ते म्हणाले. "आता ही गाडी मोडेल पण ही पट्टी मोडणार नाही. सिस्टरना मजबूत पट्टी हवी होती, मिळाली. ह्याचं काही बिल लावणार नाही. विषय संपला."

"आणि कान?" मी विचारलं.

"कोणाचे कान?"

"आधीच्याचे. शब्द दिलाय. डायरीत लिहिलंय त्यांनी."

"डायरीत लोक काय वाट्टेल ते लिहितात," भाऊजी म्हणाले. मग हळू आवाजात, "हे बघ. ह्या रस्त्यावर माझं नाव आरसा आहे. तीस वर्षं घासून घासून मिळवलंय. बॅटरीवाल्याला कळलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या रस्त्याला कळेल. उद्या कोणी गाडी उभी करेल का दारात? आणि तुझ्या ताईला तर..." तिथे ते थांबले. गिऱ्हाइकांपेक्षा त्यांना ताईची जास्त भीती होती, आणि ते बरोबरच होतं. "तू काही बोलू नकोस."

"मी कशाला बोलू?" मी म्हणाले. "शनिवारी अकराला तुमचं पितळ तुम्हीच उघडं पाडायचं. नाही पाडलंत तर जन्मात परत कुणा आधीच्याला गाढव म्हणायचं नाही. माझ्यासमोर तरी नाही." आणि मग, तोंड उघडलंच होतं म्हणून, बावीस वर्षांचं सगळं बाहेर काढलं. भित्रे म्हणाले, लबाड म्हणाले, लहान मुलीच्या पदराआड लपणारा बाप्या म्हणाले. भाऊजी मान खाली घालून दिव्याची काच पुसत राहिले. उलटून एक शब्द बोलले नाहीत.

तीन दिवस डबा अर्धा तसाच परत जात होता. ताईनं मला विचारलं, "काय झालंय गं ह्यांना? तुमच्या शेडमध्ये काही बिनसलंय का?"

"मला काय माहीत?" मी म्हणाले. "थिनर डोक्यात गेलं असेल." जीभ अशी वळवळत होती की मी ती दाताखाली धरून झोपले.

शनिवारी अकराला पाच कमी असताना सिस्टर आल्या. पायात पांढरेशुभ्र बूट, हातात डायरी. गाडी शेडच्या मधोमध उभी होती, चारही दारं काढलेली, अंगावर रंगाचा ठिपका नाही. बॅटरीवाला आणि टायरवाला आपसूकच आले होते. बुधवारचं भाषण अर्धवट राहिलं होतं ना.

सिस्टरनी डायरी उघडली. "सोमवारी तुम्ही म्हणाला होतात, आधीचा सापडला तर कान धरून उभा करीन. सापडला का?"

मी पायडलवरचा पाय काढला. शेडमध्ये फक्त कॉम्प्रेसरचा आवाज होता. भाऊजींनी जाऊन तोही बंद केला. मग हात पुसले, एकदा पुढून, एकदा मागून, एकेक बोट. मला वाटलं आता हे म्हणणार, नाही सापडला. माझी खात्रीच झाली होती.

"सापडला," भाऊजी म्हणाले.

"कुठाय?"

"हा काय. मीच."

बॅटरीवाला ठो ठो हसला. भाऊजी हसले नाहीत, तेव्हा तोही थांबला. मग भाऊजींनी बाकावरचं कापड उचलून सिस्टरच्या पुढे धरलं आणि सगळं सांगितलं. भोक, पडदा, पुट्टी, मॅच. मला जे सांगितलं होतं तेच, त्याच क्रमानं, आणि मी सुचवलेली एकही सबब त्यात घातली नाही.

"ती फायनल?" बॅटरीवाला मध्येच म्हणाला. "माझ्याच दुकानात बघितली की आपण! हरलो होतो!"

"बावीस वर्षं," सिस्टर म्हणाल्या. "ह्या पट्टीवर पाय देऊन किती जण बसले असतील?"

"माहीत नाही."

"कोणाला काही झालं असेल?"

"माहीत नाही, सिस्टर. त्यामुळेच झोप येत नाहीये."

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर राग होता, आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "मी माझ्या आईला ह्या गाडीतून नेणार आहे," त्या म्हणाल्या. मग डायरीवर बोट ठेवलं. "कान."

छप्पन्न वर्षांचा माणूस, रस्त्याचा आरसा, बॅटरीवाल्यासमोर आणि टायरवाल्यासमोर दोन्ही कान धरून उभा राहिला. टायरवाल्यानं नजर दुसरीकडे वळवली. त्याच्यात एवढी सभ्यता असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

सिस्टर मात्र खाली बसल्या, रोग्यांचे घसे बघायची बारकी बॅटरी काढली आणि नवी पट्टी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग उठून त्यावर पाय दिला. दुसरा पाय दिला. मग चक्क दोन उड्या मारल्या.

"हे चांगलं केलंय," म्हणाल्या. "खरं तर गाडी दुसरीकडे नेली असती, पण दारं तुम्ही काढून ठेवलीयत. आता पुट्टी भराल तेव्हा, घासाल तेव्हा, रंगाचा प्रत्येक हात माराल तेव्हा, मी इथे असणार. रोज सहा वाजता. मी बघितल्याशिवाय पुढचा हात मारायचा नाही."

"बरं," भाऊजी म्हणाले. कान अजून हातातच होते, सोडा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

नेमक्या त्याच वेळी ताई दारात उभी राहिली. नाकाला रुमाल, हातात डबा. नवरा जेवत का नाही ते बघायला थिनरचा वास सोसून स्वतः आली होती, आणि नवरा कान धरून उभा.

"अहो, हे काय?"

ताईची नजर सिस्टरकडे गेली, गाडीकडे गेली, मग बाकावर. तिनं डबा खाली ठेवला. कापड उचललं. छत्रीच्या दांड्यावरून अंगठा फिरवला.

"हा माझा पडदा," ती म्हणाली.

"मी घेतला होता," भाऊजी म्हणाले. "ह्या गाडीत भरायला."

"तुम्ही?" ताईला ते कळायला जरा वेळ लागला. "दोन्ही?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही. "हो," म्हणाले. "दोन्ही."

ताई वळली आणि सरळ माझ्याकडे आली. तिचे डोळे भरले होते. "मी मारलं हो हिला," ती सगळ्यांना म्हणाली, जणू सिस्टरच्या डायरीत तेही लिहायचं होतं. "एवढीशी होती. आल्यागेल्याला सांगत राहिले मी." मग माझ्या पुढ्यात वाकून विचारलं, "कुठल्या गालावर मारलं होतं गं?"

"डाव्या."

तिनं माझ्या डाव्या गालावर हात ठेवला. बावीस वर्षं मी ह्या क्षणाची वाट बघितली होती. तो क्षण आला तर मी काय काय बोलणार तेही ठरवून ठेवलं होतं. आणि आता तिचा हात गालावर होता आणि मला तो नको झाला होता.

"ताई," मी म्हणाले, "एकच."

"काय एकच?"

"त्यांनी एकच घेतला. दुसरा मी कापला होता. सकाळीच. मला फुग्याच्या बाह्या शिवून बघायच्या होत्या. एक लांब झाली, एक आखूड झाली, म्हणून मी सगळंच नाल्यात टाकून दिलं."

ताईनं हात काढला. मी भाऊजींकडे बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"मी घरात गेलो तेव्हा एकच लटकत होता," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या कड्या रिकाम्या. तुझ्या उशीखालून हिरवं दिसत होतं."

"मग मी काल एवढं बोलले, लबाड म्हणाले, तेव्हा का नाही सुनावलंत मला?"

"तू पंधरा वर्षांची होतीस," भाऊजी म्हणाले. "पंधराव्या वर्षी पोरी पडदे कापतातच. मी चौतीसचा होतो."

मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही. ताईनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट केलं.

"ऊठ," ती म्हणाली. "तू पण धर."

मी उठले, भाऊजींच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि कान धरले.